जॉर्ज टाऊनची स्वस्ताई आली कुठून?

बेताच्या पैशांत नवरा-बायकोने परदेशी, तेही समुद्रकाठच्या शहरात, चार दिवस काढायचे म्हटले तर मलेशियातल्या पेनांग बेटावरचे जॉर्ज टाऊन हा आज एक उत्तम पर्याय आहे. डिसेंबर २०२३ पासून भारतीयांना मलेशियात तीस दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येते आणि डिसेंबर २०२४ मध्ये चेन्नईहून पेनांगला थेट विमान सुरू झाले. तिथे पोचल्यावर चुलिया स्ट्रीटच्या आसपासच्या एखाद्या जुन्या घरात दोघांपुरती खोली मिळते, सकाळ-संध्याकाळचे जेवण गाड्यांवर होते आणि पाहण्यासारखे जे आहे ते बहुतेक पायी पाहून होते, बहुतेक ठिकाणी तिकीट काढायची गरजही नसते. याचे कारण विचारले की साधारण एकच उत्तर मिळते: देशच स्वस्त आहे. हे उत्तर मला पटत नाही. जॉर्ज टाऊनची स्वस्ताई चलनाच्या भावातून आलेली नाही. ती दोनशे वर्षांच्या एका विशिष्ट इतिहासातून आली आहे. घरादारापासून तुटून आलेल्या एकट्या मजुरांसाठी उभी राहिलेली खाण्या-राहण्याची व्यवस्था आणि नंतर पन्नास वर्षे गोठवून ठेवलेले घरभाडे, या दोन गोष्टींच्या पायावर ती उभी आहे. आजचे काटकसरी जोडपे त्या व्यवस्थेचे अगदी अलीकडचे वारसदार आहे. या वारशाचा हिशेब नीट मांडला पाहिजे, कारण त्यातला मोठा खर्च इतरांनी सोसलेला आहे.

सुरुवात १७८६ मध्ये होते. ईस्ट इंडिया कंपनीसाठी व्यापारी कप्तान फ्रान्सिस लाइट याने केदाहच्या सुलतानाकडून हे बेट मिळवले. सयामच्या धाकात असलेल्या सुलतानाला त्याबदल्यात लष्करी मदत हवी होती. कंपनीने ती कधीच दिली नाही, बेट मात्र ठेवून घेतले. १७९१ च्या तहात सुलतानाच्या वाट्याला वर्षाला सहा हजार स्पॅनिश डॉलर आले. लाइटपुढचा प्रश्न असा होता की मलाक्काच्या सामुद्रधुनीतला व्यापार डचांकडून आपल्याकडे ओढायचा कसा. त्याने उत्तर काढले ते खुल्या बंदराचे: जकात नाही, आणि जो येईल त्याने झाडी तोडून साफ केलेली जमीन त्याची. मधल्या काळात जकात काही वेळा आली-गेली, पण खुले बंदर हीच पेनांगची ओळख राहिली आणि ती थेट १९६९ पर्यंत टिकली. या धोरणाने गावाचा आकारही ठरवला. लाइट स्ट्रीट, बीच स्ट्रीट, चुलिया स्ट्रीट आणि पिट स्ट्रीट या चार रस्त्यांच्या चौकटीत मूळ गाव बसले. माल डोक्यावर, कावडीवर किंवा बैलगाडीवरून जायचा आणि हमाल पायी जायचे, त्यामुळे धक्का, वखार, पेढी, बाजार, देऊळ, मशीद आणि बिऱ्हाड हे सगळे हाकेच्या अंतरावर असणे भाग होते. पिट स्ट्रीटच्या एका टोकाला १८१८ चे सेंट जॉर्ज चर्च आहे, तिथून निघाले की चिनी लोकांचे करुणेच्या देवीचे मंदिर लागते, मागच्या गल्लीत १८३३ चे महामारीअम्मनचे देऊळ आहे, पुढे १८०१ ची कपितान केलिंग मशीद आणि थोडे पलीकडे १८०८ ची अचीन स्ट्रीटची मशीद. हे सगळे अंतर वीसेक मिनिटांच्या चालीचे आहे. आज जोडप्याचे टॅक्सीचे पैसे वाचतात ते या चौकटीमुळे, आणि ती आखणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पर्यटक नव्हता, हमाल होता.

हमाल कोण होते, हा यातला महत्त्वाचा प्रश्न. खुल्या बंदरात व्यापारी आपणहून आले, पण दलदल बुजवायला आणि रस्ते बांधायला माणसे आणावी लागली. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून भारतातल्या कैद्यांना काळ्या पाण्यावर पेनांगला पाठवले जाऊ लागले. १७९६ मध्ये अंदमानची पहिली वसाहत गुंडाळली तेव्हा तिथले कैदीही इथेच आणले. पुढे पेनांग, मलाक्का आणि सिंगापूर मिळून स्ट्रेट्स सेटलमेंट्स झाल्या, तिथे मुंबई इलाख्यातले कैदीही होते. ही वाहतूक उलट्या दिशेनेही चाले, याची आठवण महाराष्ट्रात फारशी राहिलेली नाही. तिकडचे चिनी आणि मलय कैदी मुंबई इलाख्यात येत. महाबळेश्वरला १८३४ च्या सुमारास त्यांच्यासाठी सुमारे सव्वाशे कैद्यांचा तुरुंग होता, तो १८६४ मध्ये बंद झाला. महाबळेश्वरच्या जुन्या रस्त्यांचा मोठा भाग त्यांच्या हातचा आहे, आणि तिथल्या बटाट्याच्या व भाजीपाल्याच्या लागवडीला त्यांनी चांगले वळण लावले अशी नोंद सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आहे. हिंडण्या-फिरण्यासाठी आपण ज्या दोन ठिकाणी जातो, त्या दोन्ही ठिकाणचे रस्ते एकमेकांच्या मुलखातल्या कैद्यांनी बांधलेले आहेत.

कैद्यांपाठोपाठ मजूर आले. दक्षिण चीनच्या फुजियान आणि ग्वांगडोंग प्रांतांतून, तमिळ किनाऱ्यावरून, सुमात्रातल्या आचेहून. १८४८ नंतर समोरच्या लारुतमध्ये कथिलाच्या खाणी लागल्या आणि पेनांग हे त्या खाणींकडे जाणाऱ्या हजारो मजुरांचे उतरण्याचे ठिकाण बनले. हाजचे यात्रेकरूही इथूनच जहाज पकडत. सुमात्रा, दक्षिण सयाम आणि मलय मुलखातून आलेली माणसे अचीन स्ट्रीटच्या आसपास जहाजाची वाट पाहत दिवसचे दिवस मुक्काम करीत, आणि त्यांना तिकीट, शिधा, बिछाना पुरवणे हा त्या रस्त्याचा धंदा होता. म्हणजे हे शहर पहिल्यापासूनच येणाऱ्या-जाणाऱ्यांचे. या येणाऱ्या-जाणाऱ्यांत पुरुष फार आणि बायका थोड्या होत्या. बायको गावी, पैसे गावी पाठवायचे, आणि इथे जगायचे ते कमीत कमी खर्चात. कुळाच्या आणि गावाच्या नावाने चालणाऱ्या चिनी संस्था, म्हणजे कोंगसी, नवख्याला पहिला आसरा देत. खू घराण्याचे आज जगभर दाखवले जाणारे, १९०६ मध्ये पुन्हा बांधून पूर्ण झालेले कोंगसी मंदिर हे त्यातले सर्वांत श्रीमंत टोक. वेल्ड की या धक्क्यालगत समुद्रात लाकडी खांब रोवून बांधलेल्या च्यू, लिम, तान, ली या आडनावांच्या वस्त्या हे दुसरे टोक. पाण्यावरच्या या घरांना जमिनीचा कर लागत नसे.

या माणसांचे घर कसे होते ते जवळून पाहायला हवे, कारण आज जोडपी झोपतात ती बहुधा त्याच घरात. रस्त्याकडे तोंड अरुंद आणि मागे लांबच लांब गेलेले दुमजली दुकानघर. पुढे शेजारच्या घरांशी जोडलेला छपराखालचा पाच फुटी ओटा, त्यावरून उन्हापावसात चालता येते. आत दुकान, मध्ये उघडा चौक, त्यातून उजेड, वारा आणि पावसाचे पाणी खाली येते. वर लाकडी तक्तपोशीचा मजला आणि रस्त्याकडे झडपांच्या खिडक्या. बांधले तेव्हा हे एका कुटुंबाचे दुकान आणि घर होते. गर्दी वाढली तसे वरच्या मजल्यावर फळ्यांचे आडोसे घालून त्याच्या खोल्या झाल्या, खोल्यांत बाके झाली आणि बाकांवर पाळ्यांनी माणसे झोपू लागली. मधल्या खोल्यांना खिडकी नसे. विस्तवाची सोय तर या गर्दीत होणेच कठीण होते, एका सामाईक चुलीवर किती जण शिजवणार? आणि दिवसभर धक्क्यावर गोणी उचलून आलेला माणूस शिजवणार तरी कधी? त्याला जेवण बाहेर, तयार, भरपूर आणि त्याच्या रोजंदारीत बसणारे हवे होते.

पेनांगचे आज जगभर गाजणारे खाणे या गरजेतून आले. नासी कांदारचे उदाहरण घ्या. तमिळ मुसलमान विक्रेते कावडीच्या एका टोकाला भाताचे टोपले आणि दुसऱ्या टोकाला कालवणाची भांडी लटकवून सकाळीच धक्क्याजवळ येत आणि हमालांना वाढत. कावड गेली आणि दुकाने झाली. कॅम्पबेल स्ट्रीटवरचे हमीदिया १९०७ पासून चालू आहे. पण वाढण्याची रीत तीच राहिली. ताटात भाताचा ढीग, त्यावर माणूस दाखवील तो मांसाचा किंवा माशाचा तुकडा, बाजूला उकडलेली भेंडी, आणि मग वाढपी एका भांड्यातून पळीभर, दुसऱ्यातून पळीभर असे करत चार-पाच रस्से एकमेकांवर ओततो, भात त्यात बुडेपर्यंत. गल्ल्यावरचा माणूस ताटाकडे नजर टाकून किंमत सांगतो. धक्क्यावर जाणाऱ्याला थोड्या मांसात पुष्कळ भात खाऊन पोट भरायचे असते, आणि रश्शांची ही सरमिसळ नेमकी त्यासाठी आहे. चिनी गाड्यांवरच्या चार क्वे तिओचेही तसेच. तांदळाच्या चपट्या शेवया, डुकराची चरबी, समुद्रातल्या स्वस्त शिंपल्या आणि मोड आलेले कडधान्य, सगळे प्रखर आचेवर दोन मिनिटांत परतलेले. अंगमेहनतीच्या माणसाला थोड्या पैशांत जास्तीत जास्त जोम देणारे हे खाणे. आपल्याकडे गिरणगावात कोकण आणि घाटावरून आलेल्या एकट्या गिरणी कामगारांसाठी खानावळी उभ्या राहिल्या, त्याही याच कारणाने. फरक इतकाच की गिरणगावची खानावळवाली बाई बहुधा घरात शिजवून ठराविक माणसांना महिन्याच्या हिशेबाने वाढायची, तर पेनांगमध्ये जेवण रस्त्यावर आले आणि कोणाही येणाऱ्याला मिळू लागले. मिळकतीने कोणीही असो, त्याला बसता येते, ही मोकळीक तिथून आली. १९३३ च्या कायद्याने परदेशी पुरुष मजुरांच्या येण्यावर मर्यादा घातली, बायकांवर काही वर्षे ती नव्हती, त्यामुळे तिशीच्या दशकात चिनी बायका मोठ्या संख्येने आल्या आणि एकट्यांच्या खोल्यांतून संसार सुरू झाले. मग गाडी हा कुटुंबाचा धंदा झाला: नवरा कढईवर, बायको भाज्या आणि गिऱ्हाईक सांभाळायला, पोरे थाळ्या पोचवायला. खाणाराही आता एकटा राहिला नाही, पण खाण्याचा भाव मात्र एकट्याच्या रोजंदारीने एकदा ठरवून दिलेला होता.

भाव खाली राहण्याला आणखी एक कारण धंद्याच्या रचनेत आहे. कोपितियाम म्हणजे कोपऱ्यावरचे चहा-कॉफीचे दुकान. दुकानमालक फक्त पेये विकतो. त्याच्या जागेत आठ-दहा जण एकेक गाडी भाड्याने लावतात आणि प्रत्येक जण एकच पदार्थ करतो. टेबल-खुर्च्या, दिवे, पाणी हा खर्च सर्वांत वाटला जातो, आचारी हाच मालक असतो, आणि एकच पदार्थ वर्षानुवर्षे केल्याने नासधूस जवळजवळ होत नाही. टेबलाशी बसलात तर पेय मागवायचे, हा अलिखित नियम आहे, आणि तो पाळणे हे दुकानमालकाचे भाडेच देणे आहे. नवरा एका गाडीवरून आसाम लाक्सा मागवतो, बायको दुसऱ्या गाडीवरून रोटी चनाई, थाळी आली की त्या त्या माणसाला पैसे. शाकाहारी माणसाला लिटल इंडियात पोटभर मिळते आणि चिनी शाकाहारी गाड्याही असतात. साधारण वीस-बावीस रुपयांचा एक रिंगिट धरला तर आठ-दहा रिंगिटमध्ये एका माणसाचे एक वेळचे खाणे होते.

इथे कोणी म्हणेल, हा सगळा इतिहास सांगायची गरजच काय? रिंगिट स्वस्त, मजुरी कमी, म्हणून जेवण स्वस्त. चलनाच्या भावाचा वाटा आहे हे मी नाकारत नाही. पण तेवढेच कारण असते तर मलेशियात सगळीकडे सारखेच दिसले असते. पेनांगच्या उत्तरेला लंगकावी बेट आहे. रिंगिट तोच, १९८७ पासून करमुक्त बेट, समुद्र पेनांगपेक्षा कितीतरी स्वच्छ. तरी तिथे दोघांना गाडी भाड्याने घेतल्याशिवाय हलता येत नाही, कारण ते बेट पायी चालणाऱ्या मजुरांच्या बंदराभोवती वसलेले नाही. दुसरे उदाहरण सिंगापूरचे. डॉलर महाग, मजुरी महाग, जमीन तर विचारायलाच नको. तरी तिथल्या हॉकर सेंटरमध्ये दोघांचे जेवण त्या शहराच्या मानाने आश्चर्य वाटावे इतके स्वस्त होते. का? कारण तोच एकट्या मजुरांचा इतिहास, आणि सत्तरच्या दशकापासून सरकारने रस्त्यावरचे विक्रेते उचलून स्वतः बांधलेल्या बाजारांत नेले, तिथले गाळे त्यांना परवडतील असे ठेवले. चलन वेगळे, व्यवस्था त्याच मुळातून आलेली, आणि परिणाम सारखा.

जेवणाचे झाले. राहण्याचे काय? मजुरांच्या खोल्या जशाच्या तशा विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत उरल्या कशा? मोक्याच्या जागेवरची जुनी घरे पाडून टोलेजंग इमारती उठवल्या जाणे हे आशियातल्या बहुतेक बंदरांचे नशीब होते. जॉर्ज टाऊन त्यातून वाचले ते भाडे नियंत्रणामुळे. डिसेंबर १९४१ मध्ये जपानी विमानांनी शहरावर बॉम्ब टाकले, पुढची साडेतीन वर्षे जपानी अंमल होता. युद्धानंतर घरांची टंचाई इतकी झाली की सरकारने भाडी गोठवली. १९४८ चा अध्यादेश आणि मग १९६६ चा कायदा, दोन्हींचा मुद्दा एकच: ३१ जानेवारी १९४८ पूर्वी बांधलेल्या घरांचे भाडे मनाला येईल तसे वाढवता येणार नाही आणि भाडेकरूला सहज काढता येणार नाही. मराठी वाचकाला ही गोष्ट उलगडून सांगायला नको. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली, आणि पागडीच्या चाळींचे पुढे काय झाले हे आपण पाहतोच आहोत. घरमालकाला डागडुजी परवडत नाही, भाडेकरू सोडत नाही, घर खंगत जाते पण उभे राहते. जॉर्ज टाऊनमध्येही तेच झाले. त्यात १९६९ मध्ये खुल्या बंदराचा दर्जा गेला, बंदराचा धंदा मंदावला आणि बेकारी वाढली. राज्याने उत्तर शोधले ते विमानतळाजवळच्या बायान लेपासमध्ये. १९७२ मध्ये तिथे मुक्त व्यापार क्षेत्र झाले आणि त्याच वर्षी इंटेलने आपला कारखाना आणला. पैसा आणि बांधकाम तिकडे वळले, जुन्या शहराकडे कोणाचे फारसे लक्ष राहिले नाही. कथिलकार, टोपल्या विणणारे, पाट्या रंगवणारे, उदबत्त्या वळणारे, सगळे जुन्या भाड्यात जुन्या घरात राहिले.

बेताच्या पैशांत फिरणारी जोडपी नेमकी या वेळी आली. १९७२ मध्ये टोनी आणि मॉरीन व्हीलर हे नवविवाहित जोडपे लंडनहून आशिया ओलांडत निघाले आणि सिडनीला पोचले तेव्हा त्यांच्याकडे २७ सेंट उरले होते. त्यांचे साउथ-ईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग हे पुस्तक १९७५ मध्ये आले आणि स्वस्तात फिरणाऱ्यांच्या दोन पिढ्यांनी ते पाठीवर वागवले. या वाटेवर पेनांगचा थांबा ठरलेला, आणि पेनांगमध्ये चुलिया स्ट्रीट आणि लव्ह लेन. चिनी मालकांच्या लाकडी जिन्याच्या साध्या खानावळवजा हॉटेलांत त्यांना खोल्या मिळत. त्याच शहरात समुद्राला लागून ईस्टर्न अँड ओरिएंटल हॉटेल होते, १८८५ मध्ये आर्मेनियन सार्कीस बंधूंनी सुरू केलेले. जोडप्यांचा प्रवास हा तोवर त्या पायरीवरचा विषय होता: मळेवाले, अधिकारी आणि त्यांच्या मडमा. मजुराला बायकोला घेऊन हवापालट करायला जाणे माहीतच नव्हते. सत्तरच्या दशकात दोघांनी मिळून हिंडण्याची हौस पहिल्यांदा मजुरांच्या पेठेत शिरली आणि तिथे ती परवडली. मध्यमवर्गीय मराठी जोडप्याला आज जो परदेश झेपतो त्याची ही सुरुवात आहे, आणि माझ्या मते ती पर्यटनाच्या इतिहासातली फार चांगली गोष्ट आहे. जग पाहणे हा मालदारांचाच हक्क नसावा.

पण ही स्वस्ताई ज्या पायावर उभी होती तो पाया लवकरच काढला गेला. भाडे नियंत्रण रद्द करणारा कायदा १९९७ मध्ये झाला आणि ३१ डिसेंबर १९९९ ला संरक्षण संपले. हजारो घरांची भाडी एका रात्रीत मोकळी झाली. योगायोग पाहा: महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला अमलात आला आणि त्याने जुन्या भाडेकरूंचे संरक्षण चालू ठेवले. तीन महिन्यांच्या अंतराने दोन बंदरांनी अगदी उलट वाटा धरल्या. मुंबईत चाळी माणसांसकट खचत राहिल्या, जॉर्ज टाऊनमध्ये घरे उरली आणि माणसे गेली. पिढ्यान्‌पिढ्या राहणारे भाडेकरू, त्यातले बरेच म्हातारे, शहराबाहेरच्या इमारतींत गेले. मोकळ्या घरांत कोण आले? काही ठिकाणी पाकोळ्या. त्यांच्या लाळेच्या घरट्यांना चिनी बाजारात मोठी किंमत येते, म्हणून खिडक्या बुजवून वरच्या मजल्यांवर पाकोळ्या पाळल्या जाऊ लागल्या. पुढे वारसाक्षेत्रात त्यावर बंदी आली. जुलै २००८ मध्ये मलाक्का आणि जॉर्ज टाऊन यांना युनेस्कोने जागतिक वारसा ठरवले. गाभ्याचे क्षेत्र सुमारे १०९ हेक्टर. मग घरे दुरुस्त झाली, गेस्टहाउसे आणि महागडी हॉटेले आली, २०१२ मध्ये अर्नेस्ट झाखारेविचने आर्मेनियन स्ट्रीटच्या भिंतीवर सायकलवरच्या दोन मुलांचे चित्र काढले आणि ते पाहायला रांगा लागल्या.

यावरून असा आक्षेप घेतला जातो की पर्यटकांनीच जॉर्ज टाऊन रिकामे केले, आणि स्वस्तात राहायला येणारे जोडपेही त्या पापाचे वाटेकरी आहे. यात तथ्य आहे, पण क्रम चुकीचा आहे. माणसे बाहेर पडायला लागली ती २००० मध्ये, वारसा दर्जाच्या आठ वर्षे आधी. घरे रिकामी झाली नसती तर हॉटेलांना ती मिळालीच नसती. वारसा दर्जाने जमिनीचे भाव आणखी चढवले आणि उरलेल्यांवरचा दाब वाढवला, हा दोष त्याच्याकडे जातो. मूळ निर्णय मात्र भाडेकरूंना पर्यायी घरे न देता संरक्षण काढण्याचा होता, आणि तो राज्यकर्त्यांनी घेतला. उलट बाजूने असेही म्हणता येईल की मी भाडे नियंत्रणाचे उगाच गोडवे गातो आहे. घरमालकांवर तो अन्यायच होता, आणि बिनखिडकीच्या खोल्यांत जगणे हे काही जपण्यासारखे नव्हते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पन्नास वर्षांपूर्वीच्या भाड्यात घर देऊन त्याची डागडुजी करा असे मालकाला सांगणे न्यायाचे नव्हते, आणि त्या खोल्यांतल्या क्षयरोगाला कोणी वारसा म्हणू नये. पण नियंत्रण क्रमाने सैल करणे, डागडुजीला सरकारी पैसा देणे आणि म्हाताऱ्या भाडेकरूंना तिथेच राहू देणे, या तिन्ही गोष्टी शक्य होत्या. त्या झाल्या असत्या तर घरेही वाचली असती आणि घरांतले कारागीरही.

आता प्रश्न गाड्यांचा आहे, आणि मला तो घरांपेक्षा जास्त काळजीचा वाटतो. घर दुरुस्त करता येते, पण चार क्वे तिओ करणारा माणूस म्हातारा झाला आणि मुलगा बायान लेपासच्या कारखान्यात इंजिनिअर झाला तर कढई बंद होते. मुलाला दोष देता येत नाही. बाप आचेपुढे उभा राहिला तो त्याने शिकावे म्हणूनच. मग गाडीवर परदेशातून आलेले मजूर दिसू लागले, तेव्हा राज्याने २०१६ पासून पेनांगचे ठरावीक पदार्थ परदेशी माणसांनी शिजवायला बंदी केली. या बंदीमागची कळकळ समजते, पण इतिहासाकडे पाहता ती मला चुकीची वाटते. ज्यांनी हे पदार्थ पहिल्यांदा शिजवले ते सगळे परदेशातून आलेले मजूरच होते. पेनांगच्या खाण्याला धोका आहे तो त्याच्या भावाचा. गिऱ्हाईक आठ रिंगिटला मोठ्या हॉटेलातले सरबत बिनतक्रार पिते आणि गाडीवरची थाळी पन्नास सेनने, म्हणजे अर्ध्या रिंगिटने, वाढली की कुरकुरते. रोजंदारीवरच्या हमालाला परवडावा म्हणून ठरलेला भाव विमानाने आलेल्या माणसानेही मागावा, हे बरोबर नाही.

तेव्हा जाणाऱ्या जोडप्यांना एवढेच सांगणे आहे. जरूर जा, काटकसरीने जा, त्यासाठी हे शहर उत्तम आहे. खोली घेताना जुन्या घरात मालक स्वतः राहून चालवतो असे गेस्टहाउस मिळाले तर ते घ्या. कोपितियाममध्ये बसलात तर पेय मागवा. आणि गाडीवरच्या म्हाताऱ्याने जो भाव सांगितला असेल तो घासाघीस न करता द्या.